गोधडीतले लुगडे

उन्हात वाळलेल्या गोधडीचा वास आला, की धुळ्याचे आमचे अंगण आठवते. प्रसूतीनंतर पत्नी दीर्घकाळ रुग्णालयात होती. तान्ह्या कन्येला माझ्या निपुत्रिक थोरल्या बहिणीने, अक्काने, स्वतः शिवलेल्या गोधडीत निजवून सांभाळले. पत्नी परतली, तेव्हा बाळ तिच्याकडे जाईना, अक्कालाच बिलगे.

"अक्का, या गोधडीत काय मंतरून शिवलंत? लेकरू माझं आहे ना?" असे म्हणत पत्नीने टाके उसवले. माझेही मन शंकित होते.

आतून पत्नीचेच जुने लुगडे निघाले.

"तुन्हंच शे, माय. पोर तुन्हा वास इसराले नको," अक्का म्हणाली.

पत्नीने ते खांद्यावर घेऊन हात पसरले. बाळ तिच्याकडे गेले, त्याने लुगड्यात तोंड खुपसले. मुठीत मात्र अक्काचा पदर घट्ट होता. तेव्हा त्या मुठीकडेही आम्ही संशयानेच पाहिले. आज अक्काला न सोडणाऱ्या त्या मुठीला हात जोडावेसे वाटतात.