मशेरीची खरी चव

मशेरी लावायला मला सासूने शिकवलं. लग्नाला आठ दिवस झाले होते, दाढ ठणकत होती. तिने भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटावर दिली. दाढ पुढे पडली, मशेरी राहिली. तीस-पस्तीस वर्षं राहिली.

दोन हजार सालानंतर केव्हातरी गालाच्या आत पांढरा डाग दिसला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. मशेरी आजपासून बंद, म्हणाले, तीन महिन्यांनी परत या. डाग तसाच असला तर तुकडा काढून तपासायला पाठवू. मी घरी आले, आधी मशेरी लावली आणि मग घाबरले.

त्याच सुमारास आमच्या वाडीच्या देवळात एक निवृत्त नर्सबाई व्यसन सोडवायचे वर्ग घ्यायला येऊ लागली. तिला बोलावलं होतं दारूसाठी. पिणारा एकही आला नाही. त्यांच्या बायका आल्या, आणि प्रत्येकीच्या कमरेला मशेरीची डबी. धाकटी जाऊ आणि मी पुढे बसलो.

बाई म्हणाली, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. मिटले. कुणाचं तरी पोट गुरगुरलं आणि सगळ्या वर्गाचा श्वास एकदम नाकातून सुटला. बाईही हसली. तलफ आली तर तिच्याशी भांडू नका, म्हणाली, नुसतं बघा, येते तशी जाते.

मी म्हटलं, "बाई, आमची येते. जात नाय."

मग तिने घरचा अभ्यास दिला. रोजचं एक काम घ्यायचं, घाई न करता, सगळं लक्ष देऊन करायचं. कुठलं काम ते काही ती बोलली नाही. आमची डबी संपली होती, म्हणून आम्ही दोघींनी मशेरी भाजायचं काम घेतलं.

मागीलदारी चूल पेटवली. एरवी मी एका हाताने तंबाखू परतायची आणि तोंडाने घरच्यांना झोडपायची. त्या दिवशी नुसतं बघितलं. पानं आखडतात, धूर नाकात जातो, घसा धरतो, डोळ्यांतून पाणी गळतं. वास गडग्यापलीकडे गेला. शेजारणी डब्या घेऊन आल्या आणि आमचं बघून त्याही गप्प बसल्या. सहा बायका तव्याभोवती, डोळ्यांत पाणी, तोंडातून शब्द नाही. एवढ्यात आमचे हे बागेतून आले. दारातच थबकले आणि हळूच म्हणाले, "कोण गेलं?"

जाऊ हसता हसता कलंडली. मी तिला सावरायला गेले नि तिच्याच अंगावर पडले.

हसणं आवरल्यावर बोटभर मशेरी लावली, तीही लक्ष देऊन. जावेने डोळे मिटले, जीभ गालात फिरवली.

"वयनी, ही चुलीतली राख चाटल्यासारी लागते गो."

खरंच तशी लागत होती. इतकी वर्षं तोंडात होती, चव कधी घेतलीच नव्हती.

तेवढ्याने सुटली असं नाही. सकाळी चहा झाला की तलफ यायची. मी मांदेली साफ करायला घेऊन पायरीवर बसायची आणि बघायची. जिभेच्या मुळाशी सुरू होते, जबड्यात जाते, बोटं कमर चाचपतात, मग ओसरते. सुरुवातीला ओसरायला ताटभर मांदेली लागायची, पुढे चार-पाचांत भागायला लागलं. मध्ये एका लग्नात लावली. वर्गात कबूल केलं. बाईने फक्त विचारलं, चव कशी होती? छान होती, म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर मात्र लावली नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारली. ते बघत होते तेवढा वेळ मी श्वासाकडे लक्ष देणार होते, पण श्वासच बंद पडला होता. डाग गेलाय, म्हणाले, तरी दाखवायला येत जा.

सोबत आलेल्या जावेला एसटी स्टँडवर खात्री करायची होती. मी बाकावर बसून आ केला. तिने वाकून वाकून बघितलं.

"डाग नाय. दात तेवढे तव्यासारखे काळे आहेत, ते काय जायचे नाय."

आम्ही इतक्या हसलो की समोरची आमची गाडी सुटली. ती जाताना आम्ही नुसती बघितली.