न वळणारं रॉकेट

कापितोलिना येगोरोव्हना कुइबिशेवला रॉकेटचे आराखडे काढणाऱ्या कार्यालयात लागली, तेव्हा तिथलं एक रॉकेट उडत होतंच. सगळे त्याला लाडानं 'सेम्योर्का', म्हणजे 'सातवं', म्हणत. गडी भरवशाचा, पण उडाल्यावर स्वतःभोवती वळून दिशा पकडणं त्याला जमत नसे. म्हणून उड्डाणाआधी खालचा चौथराच रॉकेटसकट फिरवावा लागे.

"एवढं मोठं धूड आणि त्याला कूस आपण बदलून द्यायची? तान्हं बाळ आहे का ते?" तिनं साहेबांना विचारलं. आत संगणक बसवला तर ते आपलं आपण वळेल, असा आराखडा तिनं आणि तिच्या चमूनं तयार केला होता.

साहेब, गेर्मान सावेल्येविच, चहा ढवळत म्हणाले, "बाई, उडतंय ना नीट? मग त्याला हात लावू नका."

एकदा मंजुरी मिळालीही, तर माणसं दुसऱ्या कामावर पळवली. पुन्हा मिळाली, तर देशच मोडला. कुइबिशेवचं नाव पुन्हा समारा झालं, पगार थांबले, आणि तिची सगळ्यात हुशार सहकारी नेल्या बाजारात तुर्की कोट विकायला बसली.

कापितोलिना तिथं जाऊन थडकली. "ऊठ! कोट काय विकतेस?"

"तुमचं रॉकेट वळेपर्यंत माझी पोरं म्हातारी होतील," नेल्या म्हणाली. "हा निळा घालून बघा, शोभेल तुम्हाला."

ती तणतणत घरी आली. नवरा रोदिओन म्हणाला, "आज काय केलंस?"

"कालचंच!"

पुढे नेल्या परतली, कामही पुन्हा सुरू झालं, पण तोवर कापितोलिनाला निवृत्त केलं होतं.

नव्या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं त्या दिवशी ती पिंपात कोबी मुरवायला घालत होती. फोन वाजला. पलीकडे नेल्या रडत होती.

"वळलं हो! अगदी अलगद वळलं."

कापितोलिना म्हणाली, "मला का नाही बोलावलं?"

"जुन्या माणसांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

तिनं फोन ठेवला. रोदिओन म्हणाला, "अगं, चांगली बातमी ना? मग तोंड का असं?"

"चांगलीच आहे. पण मी चाळिशीत असताना यायला हवी होती."

आणि तिनं कोबी अशा जोरानं दाबला, की पाणी उसळून त्याच्या सदऱ्यावर उडालं.