गोदामात निघालेली यादी

आमची बियाण्यांची कंपनी. मुख्य ऑफिस देवासला, शाखा धारला. धारचा जुना सर्व्हर काढून नवा बसवायचं ठरलं, आणि त्यासाठी तिथल्या साहेबांनी इंदूरहून एक तज्ज्ञ आणला. त्याच्या मदतीला देवासहून मला धाडलं. मदत म्हणजे टेबलाखाली शिरून वायरी ओढायच्या आणि त्याच्यासाठी पोहे मागवायचे.

निम्मे कॉम्प्युटर नव्या सर्व्हरवर गेले, निम्मे जुन्यावरच राहिले. ऑफिसातला प्रिंटर मात्र सगळ्यांना मिळून एकच. दुसऱ्याच दिवशी घोळ सुरू झाला. जुन्या सर्व्हरवरचे कागद निघत, नव्यावरचे गायब होत. स्क्रीनवर छापलं असं दिसे, ट्रे रिकामा. बाहेर धामनोदचे ट्रक गेटपाससाठी उभे.

तज्ज्ञानं खुर्चीतून न उठता सांगितलं, "ड्रायव्हर का इशू है." खिडकीशी उभ्या ट्रकवाल्याला वाटलं, हे त्यालाच म्हणताहेत. तो जे बोलला ते इथं लिहिण्याजोगं नाही, पण त्या तज्ज्ञाच्या बोलण्यापेक्षा त्यात अर्थ जास्त होता.

तीन दिवस या गृहस्थानं प्रिंटरचं तेच ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर काढलं आणि तेच परत टाकलं. चाललं की त्याची हुशारी, बंद पडलं की प्रिंटरचा दोष.

आवक-जावक बघणाऱ्या एक बाई होत्या, धारच्याच जुन्या मराठी घरातल्या. त्या म्हणाल्या, "लाइट गेली की बिघडतं. सकाळी नीट असतं. मी रोज बघत्ये."

"मॅडम, ये नेटवर्क है, ट्यूबलाइट नहीं," तज्ज्ञ म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

तो जेवायला गेल्यावर मी प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता तपासला. बाईंचं बरोबर होतं. लाइट जाऊन आली की प्रिंटर नवा पत्ता घेई. जुना सर्व्हर त्याला नावानं शोधायचा, म्हणून त्याचं अडत नव्हतं. नव्यात हा विद्वान दर वेळी सॉफ्टवेअर टाकताना त्या घडीच्या पत्त्याचा आकडा ठोकून ठेवी. आणि तो आकडा आता गोदामातल्या प्रिंटरला मिळाला होता.

मी गोदामात धावलो. तिथला हमाल गठ्ठा हातात धरून उभा होता. गेटपास होते, पत्रं होती, आणि साहेबांनी लाइट आल्यावर त्यांच्या नव्या सर्व्हरवरच्या मशीनवरून छापायला दिलेली एक यादी होती: नवा सर्व्हर सुरू झाल्यावर कमी करायची माणसं. पहिलंच नाव बाईंचं. मी कागद दुमडतोय तोवर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून वाचला आणि सरळ केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग.

"साहेब, तुमचा कागद गोदामात निघाला होता."

साहेबांचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं काय? "किस किस ने देखा?"

"ज्यांना वाचता येतं त्या सगळ्यांनी," बाई शांतपणे म्हणाल्या आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

मी प्रिंटरला कायमचा एक पत्ता देऊन टाकला. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी तज्ज्ञ साहेबांना सांगत होता, "देखो भिया, आखिर ड्रायव्हर पकड में आ ही गया." साहेबांनी त्याची पाठ थोपटली. अहवाल मी हातानं लिहिला. कारण लिहिलं: ड्रायव्हर. खाली त्याची सही, शेजारी माझी. यादीत माझं नाव नव्हतं आणि ते तसंच राहावं एवढीच माझी अक्कल त्या दिवशी चालली.

महिनाअखेर बाई गेल्या. निरोपाचा हार त्यांनी घेतला नाही. मनावर नावाच्या गावी लेकीकडे राहून एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात लागल्या.

काही महिन्यांनी न राहवून मी त्यांना फोन केला आणि अहवालाचं कबूल केलं.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "टाइप मीच केला होता. तुमचं शुद्धलेखन भयंकर आहे हो."

पुढं त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली; धारला मी कधीतरी त्यांच्यापाशी बोललो होतो. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.