विजातीय पदार्थ

आकाशाला जात नसते. आमच्या कारखान्यात दर समारंभाला हे वाक्य कुणीतरी बोलायचंच. बोलणारा जमिनीवर उभा असायचा, एवढंच.

मीही जमिनीवरच उभी होते. लखनौच्या त्या विमान-उपकरणांच्या कारखान्यात, चाचणी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर. विश्वकर्मा पूजेचा दिवस, तिकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. आत माझा पडदा होता. वैमानिकाच्या समोर असतो तो. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये क्षितिजाची पांढरी रेघ. विमान कललं की रेघ कलते. ढगात शिरल्यावर बाहेरचं काही दिसत नाही, शरीर खोटं सांगतं, तेव्हा वैमानिकानं फक्त त्या रेघेचं ऐकायचं. ती रेघ थरथरू नये, उशिरा कलू नये, यासाठी मी दोन वर्षं घालवली होती.

चपला काढल्या. पाऊल उचललं. आमचे विभागप्रमुख मिश्राजी दारात आले. रेशमी कुर्ता, कपाळावर कुंकू. त्यांनी मला अडवलं नाही. तेवढी सभ्यता होती. नुसतं दारावरच्या पाटीकडे बोट केलं.

"मैडम, पहले बोर्ड पढ़ लीजिए।"

पाटीवर होतं: विजातीय पदार्थ भीतर लाना मना है।

आत हशा पिकला. फार मोठा नाही. वरिष्ठाच्या विनोदाला पुरेल इतका.

विजातीय पदार्थ म्हणजे धूळ, केस, तारेचा तुकडा. यंत्रात जे नको ते सगळं. मूळ सूचना इंग्रजीत होती, हिंदी कक्षातल्या कुणीतरी शब्दकोश उघडून तिचं हे केलं होतं. मी रोज त्या पाटीखालून आत जात होते. वाचली त्या दिवशी.

आधीच्या आठवड्यापर्यंत मी आतलीच होते. लखनौत माझं आडनाव कुणाला वाचता येत नव्हतं. मराठी बाई, इंजिनियर, चष्मा. त्यांनी मला परस्पर ब्राह्मण करून टाकलं होतं. मिश्राजी तर 'पंडिताइन' म्हणायचे. मी एकदोनदा सांगितलं, सर, मी पंडित नाही. त्यांना तो विनय वाटला. मग मीही सांगणं सोडलं.

आडनाव वाचून दाखवायला मराठी माणूसच लागला. आमच्याच हिशेब विभागातले आगाशे. अलीगंजला मराठी मंडळाचा गणपती होता. देवाशी माझं काही काम नव्हतं, पण माझ्या मुलीचा नाच होता. आगाशे मोदकाची वाटी घेऊन शेजारी बसले. आडनाव विचारलं, मग गाव. नांदेड म्हटलं. नांदेडात कुठं? मी वस्तीचं नाव सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "अच्छा."

इतक्या वर्षांत तेवढी हिंदी त्यांना छान जमली होती. दोनच दिवसांत कारखान्यात पंडिताइन बंद झालं आणि मैडम सुरू झालं. तक्रार करावी असं त्यात काहीच नव्हतं. मैडम हा आदराचाच शब्द आहे.

तर मी दारात उभी होते. राग यायला हवा होता. आला नाही. पूजेशीही मला देणंघेणं नव्हतं. आमच्या घरातले देव वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच गोदावरीत सोडले होते. मला फक्त पडद्यापाशी उभं राहायचं होतं. आत मंत्र संपला. मिश्राजींनी मूठभर अक्षता पडद्यावर टाकल्या. मला एवढंच वाटलं, कडेला बटणं आहेत. मग चपला घातल्या आणि टेबलाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी हवाई दलातले विंग कमांडर पडदा पारखायला आले. प्रयोगशाळेतल्या नकली कॉकपिटात बसले. मिश्राजींनी मला बोलावून घेतलं. आज पाटी वाचायला कुणी सांगितलं नाही. विंग कमांडरनी बटण दाबलं. इंजिनाचे आकडे जाऊन क्षितिज यायला हवं होतं. आलं नाही. पुन्हा दाबलं.

"मैडम, मेरा आसमान किधर गया?"

मी चौकट उघडली. बटणाच्या मागे तांदळाचा एक दाणा अडकला होता. कुंकवानं लाल झालेला.

चाचणी थांबली. बिघाडाचं कारण मीच लिहायचं होतं. मिश्राजी मला खिडकीपाशी घेऊन गेले. आवाज एकदम मऊ.

"विजातीय पदार्थ लिख दीजिए। बात ख़त्म।"

बात कुणावर ख़त्म होणार ते मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेची स्वच्छता चाचणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे. तसं लिहिलं तर दोष माझा. नाही लिहिलं तर त्या हिवाळ्यातली माझी बढती त्यांच्या हातात. काल तो शब्द माझ्यासाठी होता. आज तो मीच, माझ्या हातानं, माझ्याच नावावर लिहायचा होता.

"चावल है, सर। चावल लिखूँगी।"

"पूजा का नाम आएगा।"

"आएगा।"

ते म्हणाले, "आप लोग छोटी-सी बात पकड़ लेते हैं।"

आप लोग. म्हणजे आता सगळं स्पष्ट झालं होतं. बरं वाटलं, असं म्हणणार नाही. पण अक्षर नीट आलं. तांदूळ, कुंकू लागलेला, पूजेच्या वेळी टाकलेला.

बढती मिळाली नाही. कँटीनमध्ये आगाशे मराठीत हळहळले. "कशाला उगाच? एक शब्द तर होता."

"हो," मी म्हटलं. "एकच होता."

तेव्हापासून एक ठरवलं. नव्या जागी पहिल्याच चहाला मी सांगते. गाव, वस्ती, जात. मध्ये वाचून दाखवणारा नको. कुणी चुकून मला वर चढवलं तर तिथंच खाली उतरते, आणि उतरून त्याच्या डोळ्यात बघते. ज्या दारातून मी कामाला जाते, त्या दारातून मी रोज जाणार. त्या दिवशी देव बसलेला असो नाहीतर साहेब.

पुढल्या वर्षी पूजेच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी आत जाऊन पडद्यापाशी बसले. कुणी ऊठ म्हणालं नाही. आत शिरताना पाहिलं होतं, पाटी नव्यानं रंगवली होती. विजातीय पदार्थ होता तसाच होता. खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढली होती: कृपया चावल न फेंकें।