मंदाकाकूंचा तह

सामुराईचा पत्ता हातात आला की मंदाकाकू त्याची ताकद बघायच्याच नाहीत. चष्मा कपाळावर चढवून त्या थेट पत्त्यालाच विचारायच्या, "तू कोणाचा गा?" कुही गावाकडच्या साऱ्या सोयरिकी तोंडपाठ असलेल्या बाईला जुन्या जपानातल्या चार घराण्यांचं काय ओझं! कोणत्या सरदाराची बहीण कुठे दिली आहे, हेही त्यांना पाठ होतं.

नागपुरात, धरमपेठेत आमच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी हा खेळ चालायचा. प्रत्येकानं एक घराणं घ्यायचं, नकाशावर सरदारांचे पत्ते उतरवायचे, आणि शेवटच्या डावाला राजधानी ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. मध्ये कोणाशीही तह करा, हवा तेव्हा मोडा, नियमच तसा. शेजारच्या मंदाकाकू निवृत्तीनंतर खेळायला येऊ लागल्या आणि वर्षभर हरल्या, कारण तह काही त्यांना मोडवत नसे.

"काकू, खेळ आहे हा!" मी वैतागायचो.

"असू दे. तह म्हणजे सोयरीकच. मांडवात ज्याचे पाय धुतले, त्याच्याच गळ्यावर सुरी फिरवू काहून?"

मी मात्र त्यांच्याशी केलेले तह बिनदिक्कत मोडून कितीदा तरी जिंकलो.

मग पुण्यात या खेळाची स्पर्धा निघाली आणि तिला आमच्यातल्या एकानंच जायचं ठरलं. काकू म्हणाल्या, "मले जायचं हाय. लग्न नाहीतर मयत, याशिवाय मी आजवर गावाबाहेर पडली नाही." पण जागा सोडायची कोणाचीच तयारी नव्हती, म्हणून खेळूनच ठरवायचं झालं.

शेवटच्या फेरीत उरलो तिघं: काकू, मी आणि बुटीबोरीच्या कारखान्यातला विक्रांत. आम्ही दोघांनीही काकूंशी तह केला, कारण एकमेकांवर आमचा काडीचा भरवसा नव्हता. मी माझे तगडे सरदार विक्रांतच्या सीमेवर बसवले, त्यानं त्याचे माझ्या. काकूंवर चालून जावं, तर पाठीमागे दुसरा टपलेला. काकूंना मात्र कोणाविरुद्ध पहारा ठेवायची गरजच उरली नाही. शेवटच्या डावाला त्यांनी सगळेच्या सगळे सरदार उचलले आणि रिकाम्या राजधानीत नेऊन बसवले. आमच्या एका गढीलाही हात न लावता!

"काकू, हे काय होऊन राहिलं?" विक्रांत किंचाळला.

"तुम्ही दोघं एकमेकांले राखत बसले. मले तर रस्ता मोकळाच होता."

मी उठून त्यांच्या पाया पडलो. हरल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

पुण्याहून त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो.

"जिंकली गा मी! इथले पोरं तुमच्याहून लबाड हायेत. पहिल्या दिवशी हसले मले. दुसऱ्या दिवशी जो तो माझ्याशीच तह करायले येऊन राहिला!"

मी खुर्चीवरून उठून असा ओरडलो की साहेब केबिनमधून धावत बाहेर आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "आमच्या काकू जिंकल्या, साहेब," मी म्हणालो, "एकही शब्द न मोडता!"