तारींच्या होडीचं चाक

तारी रस्त्यानं चालताना दोन्ही हात छातीपुढे धरून चालत. हातात काही नसे. वळण आलं की आधी ते रिकामे हात सावकाश त्या बाजूला फिरत आणि मग मागून तारी वळत. कारखान्याच्या फाटकावरचा नवा पहारेकरी पहिल्या दिवशी त्यांना येताना बघून भिंतीला टेकला. "चाक धरल्याशिवाय माका वळूक जमणा नाय," असं त्याला सांगून तारी गंभीर चेहऱ्यानं आत गेले.

सखाराम तारी मूळचे मालवणकडचे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या खाडीतून माणसं पलीकडे पोचवण्याचा धंदा. पिंपरीत नवा कारखाना निघाला तेव्हा ते फिटर म्हणून इकडे आले आणि चिंचवडच्या चाळीत माझे शेजारी झाले. मी त्याच कारखान्यात नकाशे काढायचो. मी सोलापूरकडचा, घागरीपेक्षा मोठ्या भांड्यातलं पाणी फारसं पाहिलेलं नव्हतं. तरी तारींनी पवना नदीत सोडण्यासाठी होडी बांधायला काढली तेव्हा तिचा नकाशा करायला मीच पुढे सरसावलो. काही ठाऊक नसलं की उत्साहाला अडथळा राहत नाही.

जागा दिली ती नदीकाठच्या तात्या पाटलांनी. त्यांच्या गोठ्याचा अर्धा भाग रिकामा होता. पण पाटील फुकट काही देणारे नव्हते. ते तारींना म्हणाले,

"दिवाळीला मला हितं कडबा भरायचाय, मास्तर. तवर ही होडी पल्याड जाऊन अल्याड आली तर तुमची. न्हाई आली तर माझ्या म्हशीची गव्हाण. लांबी बी बेतशीर हाय."

"मंजूर," तारी म्हणाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "होडयेत म्हशीन तोंड घातला तर माजे पूर्वज माका स्वप्नात येवन मारतले."

होडी झाली असती गणपतीतच. पण तारींना साधं सुकाणू नको होतं. त्यांना जुन्या मोटारीसारखं चाक हवं होतं, तिरक्या उंच दांड्यावर बसवलेलं. त्यासाठी ते पुण्याच्या जुन्या बाजारात खेटे घालत होते. शेवटी एक लाकडी कड्याचं, मधे पितळी टोपी असलेलं चाक मिळालं. ते गळ्यात हारासारखं अडकवून, दांडा सायकलला बांधून तारी चिंचवडपर्यंत आले. वाटेत दोघांनी त्यांना नमस्कार केला म्हणे.

"कशाला हा थाट? वल्ह्यानं वळत नाही का?" मी विचारलं.

"वळता. पण माजो बापूस जन्मभर वल्ह्यावर वाकलो, तो मरताना पण सरळ झालो नाय. माज्या होडयेत कोण वाकूचो नाय. पाणी आधी माणसाची बैठक बघता, मेल्या."

मी नकाशात चाकाची जागा आखली.

दांडा बसवायला तारींनी रजा काढली. बैठकीपुढच्या आडव्या फळीला तिरकं भोक पाडलं, दोन लोखंडी पट्ट्यांनी दांडा आवळला, खालच्या टोकाला लाकडी रीळ ठोकलं. रिळावरून तार दोन्ही बाजूंच्या फिरत्या कप्प्यांवरून मागे सुकाणूकडे न्यायची, एवढंच उरलं. ते काम मी मागून घेतलं. होडीच्या नाकाकडे डोकं करून, चाकाखाली उताणा शिरलो. उजव्या हाताला आलेली तार उजवी, डाव्या हाताची डावी. यात चुकण्यासारखं काय होतं? उताण्या माणसाचा उजवा हात होडीच्या डाव्या अंगाला जातो, हे कळायला मला नदी लागली. चाक फिरवलं, सुकाणू हललं. कुठल्या बाजूला, ते आनंदात कुणी पाहिलंच नाही.

दिवाळीच्या आदल्या रविवारी होडी पाण्यात गेली. नारळ फुटला. मागे चाकाशी ताठ बसलेले तारी, पुढे त्यांच्या बायको सुमनवहिनी आणि मधे वल्ह्यांवर मी, तोंड तारींकडे. होडी तरंगली तेव्हा काठावर टाळ्या पडल्या. तारींनी ऐटीत चाक उजवीकडे फिरवलं. होडी डावीकडे निघाली. त्यांनी आणखी उजवीकडे फिरवलं. होडी आणखी डावीकडे.

"ए मास्तर!" काठावरून पाटील ओरडले. "म्हस हाय ती माझी! गाभण हाय!"

तारींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत बरंच काही होतं, पण बोलायला वेळ नव्हता, कारण वहिनी किंचाळल्या, "ओ, उजवीकडे घेवा! उजवीकडे!"

आता तारींचा संसार मी भिंतीपलीकडून रोज ऐकत असे. वहिनींनी भात म्हटलं की यांना भाकरी हवी. त्या खिडकी उघडा म्हणाल्या की हे लावणार. आताही तारींचे हात सवयीनंच डावीकडे गेले. होडी नाक वळवून उजवीकडे झाली आणि म्हशीच्या शेपटीला वारा घालून पुढे सटकली.

पुढचा सगळा प्रवास असाच झाला. वहिनी सांगत होत्या, तारी मनापासून उलट करत होते आणि होडी वहिनींचं ऐकत होती. पलीकडच्या काठाला नाक टेकवून आम्ही अलीकडे आलो, ते थेट पाटलांच्या पायाशी.

"जिंकलात राव," पाटील म्हणाले. "गव्हाण आता दुसरी बगतो."

मी घाईघाईनं म्हणालो, "तारी, तारा उद्या सकाळीच बदलतो."

"हात लावशीत तर बघ." त्यांनी काठाकडे मान केली. वहिनी बायकांना हातवारे करून सांगत होत्या, होडी आपण कशी आणली ते. चिंचवडला आल्यापासून त्यांना एवढ्या मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं. "लग्नाक पंधरा वर्सा झाली. तिना सांगितला आणि तसाच झाला, असा आज पयल्यांदाच. रवांदे तसाच."

पुढे तारींना मुंबईच्या गोदीत काम मिळालं. जाताना होडी त्यांनी पाटलांना देऊन टाकली. ट्रकमध्ये सामान चढलं होतं, तरी नदीवर येऊन त्यांनी पाटलांना चाकाशी बसवलं, पाठीवर थाप मारून ताठ केलं.

"पाटलांनु, एकटे बसू नकात. पाटीलवयनीक पुढे बसवा. वाट ती सांगतली."

"म्हंजी तिचं ऐकायचं व्हय?" पाटलांनी घाबरून विचारलं.

"छ्या!" तारी म्हणाले. "ऐकलात तर बुडशात."