लोखंडी पेढीची दुरुस्ती

सन १९९४, माघ महिना. उसाच्या गाड्यांनी बारामतीचा रस्ता अडवण्याचे दिवस. आमच्या लोखंडी पेढीची दुरुस्ती तेव्हा सुरू झाली, आणि सिमेंटच्या पोत्यांपेक्षा किस्सेच अधिक साठले!

पेढी म्हणजे ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभी असलेली जुनी दुमजली इमारत. निम्मी माझी, निम्मी धाकटे दीर विनायकराव यांची. खाली दुकाने, वर दवाखाना व बिऱ्हाडे, अशी माझी योजना. विनायकरावांचे मत एकच : "वहिनी, लोखंड भंगारात घाला, काँक्रीटचे कॉम्प्लेक्स उभारू." अखेरीस त्यांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली. तोवर वरची बिऱ्हाडे ठरली नाहीत, तर भंगारवाला!

*

खालच्या दुकानातील शिंपी तात्या जागचे हलेनात. डोक्यावरच्या तुळईला जॅक लागला, तरी त्यांचे यंत्र चालूच. पुण्याचे इंजिनिअर ओरडले, "तात्या, बाहेर या, छत खाली येईल!"

"येवढा झंपरचा गळा हुंदे सायेब, मग येऊ द्या खाली!"

*

वरचा मजला किती भार पेलतो हे पाहण्यासाठी इंजिनिअरांनी सारख्या वजनाची पोती रचावयास सांगितली. शेळगावच्या बापू मिस्त्रींनी शेजारच्या अडतीतून गुळाच्या ढेपा आणून रचल्या. वजन सारखे, हे मान्य! परंतु गूळ दिसताच व्यापारी जिना चढून आले आणि बोली सुरू झाली. सायंकाळी इंजिनिअर मोजमाप घ्यावयास आले, तो मजला रिकामा.

बापू म्हणाले, "ढेपा आन् वर येवढे व्यापारी, समदं पेललं की! मजला पास!"

*

इंदापूरच्या एक बाई बिऱ्हाड पाहावयास आल्या. खोल्या पसंत पडल्या, पण जिन्यापाशी थबकल्या. "ह्यो गोल जिना म्हशीला झेपंल का?"

मी म्हटले, "बाई, म्हैस खाली बांधावी लागेल."

"मग बांधू की खाली. दुकानं वर न्या!"

*

पाडवा उलटला. एकही बिऱ्हाड ठरले नाही. गुरुवारी, ऐन बाजारच्या दिवशी, विनायकराव भंगारवाल्याला गॅसकटरसह घेऊन आले.

आदल्या सायंकाळी बापूंनी, मुदतीची पर्वा न करता, दर्शनी खांबाला गंजावरचा शेंदरी प्रायमर फासला होता. बाजाराला आलेल्या पणदऱ्याच्या बायकांनी सकाळीच त्याला हळदकुंकू वाहिले. कोणी हार घातला, कोणी दहीभात ठेवला.

"अहो, तो रंग आहे!" विनायकराव ओरडले.

"मग देवाला काय लावत्यात, बाबा?" एका म्हातारीने विचारले.

भंगारवाल्याने कटर खाली ठेवला. "मालक, पयला हात तुमी लावा."

सारा बाजार पाहत होता. विनायकरावांनी एकदा खांबाकडे पाहिले, एकदा म्हातारीकडे, आणि हळूच चपला काढल्या.

"वहिनी, घरात नारळ आहे का?"